दीपक फर्टिलायझर्सचा नफा एका वर्षी १,२०० कोटी आणि पुढच्याच वर्षी साडेचारशे कोटी, असं का होतं? ही कंपनी नक्की खताची की स्फोटकांची?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या नावावर या कंपनीचे शेअर आहेत. शेतात या कंपनीचं 'महाधन' खत वापरायचे म्हणून त्यांनी ते घेतले होते, आणि आता नफ्याचे आकडे पाहून घरात वाद होतोय. माझी निम्मी नोकरी वणीच्या कोळसापट्ट्यात ओपनकास्ट म्हणजे उघड्या खाणीत मायनिंग सरदार (सुरक्षेवर देखरेख करणारा) म्हणून गेली. कंपनी बाजारात जे विकते ते मी खडकात पाडलेल्या होलमध्ये भरताना पाहिलंय. निवृत्तीनंतर ताळेबंद वाचायची सवय लागली. या कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडेही आहेत, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी एक घोळ मिटवू. 'दीपक नायट्राइट' ही बडोद्याची वेगळी कंपनी आहे. दोन्हींची सुरुवात एकाच मेहता कुटुंबातून झाली, पण आज व्यवसाय वेगळे आणि शेअरही वेगळे. तुमच्याकडे आहे ती पुण्याची, तळोज्याला मोठा कारखाना असलेली कंपनी. तिचे तीन मुख्य धंदे आहेत: खत, औद्योगिक रसायनं (नायट्रिक ॲसिड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि खाणींसाठीचं टेक्निकल अमोनियम नायट्रेट, ज्याला सगळे 'टॅन' म्हणतात. पुणेकरांना येरवड्याचं इशान्या मॉल आठवत असेल, तेही यांचंच. पण तो आकडा इतका छोटा आहे की तुमच्या प्रश्नात त्याला धरू नका.

मग स्फोटकं कुठे आली? दगड फोडायचं सगळ्यात साधं मिश्रण म्हणजे ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के डिझेल. त्याला ॲन्फो म्हणतात. टॅनचे दाणे मुद्दाम सच्छिद्र बनवतात, म्हणजे डिझेल आत मुरतं. कोळशाच्या मोठ्या खाणीत आता पंप-ट्रकने इमल्शन नावाचं घट्टसर पातळ स्फोटक होलमध्ये सोडतात, पण त्यातही मुख्य माल अमोनियम नायट्रेटच. सायरन वाजून सगळे लांब गेले की जे उडतं त्याच्या मुळाशी हाच पांढरा दाणा असतो. दीपक फर्टिलायझर्स ही टॅनची देशातली सर्वात मोठी उत्पादक आहे. ऑस्ट्रेलियात 'प्लॅटिनम ब्लास्टिंग' नावाची उपकंपनी खाणीत जाऊन ब्लास्टिंगची सेवाही देते.

आता तुमचे आकडे एका ओळीत लावून पाहू, सगळे उपकंपन्या धरून एकत्रित आणि ठोकळ. २०२१-२२ मध्ये विक्री ७,६६० कोटी, नफा ६८८ कोटी. २०२२-२३ मध्ये विक्री ११,३०० कोटी, नफा १,२२० कोटी. २०२३-२४ मध्ये विक्री ८,६७६ कोटी, नफा ४५७ कोटी. २०२४-२५ मध्ये विक्री १०,२७४ कोटी, नफा ९४५ कोटी. तुमचे काका म्हणतात तसं 'व्यवस्थापनानं एका वर्षात घाण केली' असं यावरून वाटू शकतं. पण या चार वर्षांत सगळ्यात जास्त हलली ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे अमोनिया.

शाळेतलं रसायन आठवा. १७ किलो अमोनिया आणि ६३ किलो नायट्रिक ॲसिड मिळून ८० किलो अमोनियम नायट्रेट होतं. पण ते ॲसिडसुद्धा अमोनियापासूनच बनतं, त्याला आणखी किमान १७ किलो लागतो. म्हणजे ८० किलो मालात ३४ किलो अमोनिया, टनाला साधारण ४३० किलो, आणि प्रत्यक्ष कारखान्यात थोडा जास्तच. नायट्रिक ॲसिड विका, टॅन विका, नत्राचं खत विका, मूळ कच्चा माल तोच.

रशिया-युक्रेन युद्धानंतर एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टँपा बंदरातला अमोनियाचा भाव टनाला १,६२५ डॉलरवर गेला होता. जुलै २०२३ मध्ये तोच भाव २८५ डॉलर. सव्वा वर्षात पाचपटीहून जास्त उतार. भाव चढत होते तेव्हा टॅनचा आणि ॲसिडचा भाव अमोनियाच्याही पुढे पळाला, कारण माल मिळेनासा झाला होता. २०२२-२३ चे १,२२० कोटी बऱ्याच अंशी त्या टंचाईतले आहेत. भाव उतरू लागले तेव्हा महाग अमोनियातून बनलेला माल गोदामात आणि बाजारात नवा भाव, अशी कोंडी झाली. त्यातच रशियाचं स्वस्त अमोनियम नायट्रेट भारतात येऊन पडलं. अमोनिया ज्यापासून बनतो तो गॅस तिथे स्वस्त, त्यामुळे त्यांना परवडतं.

खताच्या बाजूलाही त्याच वर्षी मार बसला. ऑक्टोबर २०२३ पासून सरकारनं नत्रावरचं अनुदान किलोला ७६.४९ रुपयांवरून ४७.०२ रुपयांवर आणि स्फुरदावरचं ४१.०३ वरून २०.८२ वर आणलं. जागतिक भाव उतरले होते, तेव्हा सरकारच्या बाजूनं हा हिशेब बरोबर होता. पण जुन्या भावात कच्चा माल घेतलेल्या कंपनीला तो फरक स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. त्यात २०२३ चा ऑगस्ट शंभराहून जास्त वर्षांतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. पाऊस नाही म्हणून दुकानदारही माल उचलायला तयार नव्हते.

आणि नेमक्या ह्याच वर्षी तळोज्याचा स्वतःचा अमोनिया कारखाना सुरू झाला. वर्षाला पाच लाख टन क्षमता, खर्च चार हजार कोटींच्या वर. वेळ इतकी वाईट, की भाव १,००० डॉलर असताना ज्याची आखणी कामी आली असती तो भाव ३०० च्या आसपास असताना चालू झाला. कर्जाचं व्याज आणि घसारा (यंत्रांची दरवर्षी खर्चात धरायची झीज) मात्र पहिल्या दिवसापासून पुस्तकात पडायला लागले. ४५७ कोटींत याचाही मोठा हात आहे. तरीही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. आयात अमोनियावर जगणारा कारखाना म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर केलेली बागायती. कारखान्यामुळे जोखीम संपली नाही, फक्त तिची जागा बदलली. आधी अमोनियाचा भाव पाहावा लागायचा, आता गॅस आणि अमोनिया यांच्या भावातला फरक पाहावा लागतो. म्हणूनच २०२४ मध्ये कंपनीनं नॉर्वेच्या इक्विनॉरशी १५ वर्षांचा एलएनजीचा (द्रवरूप नैसर्गिक वायूचा) करार केला, पुरवठा २०२६ पासून. माझ्या लेखी या कंपनीच्या गेल्या दहा वर्षांतली ही सगळ्यात महत्त्वाची सही आहे, आणि लोक मात्र तिमाहीचा नफा बघत बसतात.

हे पटत नसेल तर नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजकडे बघा. दीपक अमोनियम नायट्रेट विकते, सोलर ते विकत घेऊन त्याची स्फोटकं बनवते. २०२३-२४ मध्ये सोलरची विक्रीसुद्धा घटली, सुमारे ६,९०० कोटींवरून ६,०७० कोटींवर, कारण कच्च्या मालाचा भाव उतरला की कोळसा कंपन्यांना द्यायचा स्फोटकांचा दरही सूत्रानं खाली येतो. पण सोलरचा नफा त्या वर्षी वाढला! खाण तीच, दाणा तोच, वर्ष तेच. एकानं भावाच्या उतारात मार खाल्ला, दुसऱ्यानं मधलं काम केलं म्हणून तो टिकला. (सोलरला संरक्षण सामग्री आणि निर्यातीचाही आधार होता, हे सांगायला हवं.) या धंद्यात विक्रीचा आकडा फसवा असतो, असं मी म्हणतो ते यामुळे. तो वर जाणं म्हणजे जास्त टन विकले असं नव्हे, बऱ्याचदा फक्त भाव चढलेला असतो. वडिलांना सांगा, निकालाच्या पत्रकात रुपयांच्या आधी टन शोधा.

आणखी एक, खाणीत राहिलेल्या माणसाचा अनुभव. पावसाळ्यात खाणीत पाणी भरतं, हॉल रोडवर म्हणजे डम्परच्या वाटेवर चिखल होतो, डम्पर उभे राहतात, ओबी म्हणजे कोळशावरची माती-दगड काढायचं काम मंदावतं. मग ब्लास्टिंग कमी आणि टॅनची उचलही कमी. त्याच महिन्यांत खरीपामुळे खत जोरात असतं. म्हणून जुलै ते सप्टेंबर तिमाहीची तुलना एप्रिल ते जून तिमाहीशी करणं म्हणजे ज्वारीची तुलना हरभऱ्याशी. आधीच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा.

तर कंपनी खताची की स्फोटकांची? रसायनांचा भाग कोविडच्या काळात सॅनिटायझरमुळे चमकला होता, कारण त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. एरवी माझं लक्ष टॅनवर असतं. भारतानं २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. जितका कोळसा खोल जाईल तितकी ओबी जास्त, आणि तितके होल जास्त. खतात सरकार अनुदान ठरवतं आणि आकाश विक्री ठरवतं. टॅनमध्ये निदान गिऱ्हाईक दरवर्षी तिथंच असतं. कंपनीनंही खाणीचा धंदा 'दीपक मायनिंग सोल्यूशन्स'मध्ये आणि खत 'महाधन ॲग्रिटेक'मध्ये वेगळं केलंय, त्यामुळे पुढे कोण किती कमावतं ते वाचणं सोपं जाईल.

घ्या किंवा विका हे मी सांगणार नाही, तुमच्या घरची गरज मला माहीत नाही. एवढंच सांगतो, १,२२० कोटींना 'नेहमीचा नफा' धरून शेअर स्वस्त आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आणि ४५७ ला नेहमीचा धरून कंपनी बुडाली म्हणणाऱ्याचंही नको. ओडिशात गोपाळपूरला कंपनीचा टॅनचा नवा कारखाना, वर्षाला जवळपास पावणेचार लाख टनांचा, तालचेर आणि झारसुगुड्याच्या कोळशासाठी सोयीचा. तो चालू झाला की पहिल्या दोन-तीन तिमाहींत व्याज आणि घसारा आधी दिसेल, विक्री मागून येईल. तेव्हा काका पुन्हा तेच बोलतील. वडिलांना तळोज्याचं २०२३ आठवून द्या.