‘सायरन कसा ऐकणार?’ : दिव्यांगांच्या शिक्षण-नोकरीविषयी वाचकांचे पाच प्रश्न

गेल्या महिनाभरात आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं : ‘अशा मुलाला कुठली नोकरी मिळेल?’ कर्णबधिर असेल तर अमुक, अंध असेल तर तमुक, अशी यादी माझ्याकडून हवी असते. ती मी देत नाही. अशा याद्यांनी अंध मुलांना वर्षानुवर्षं खुर्च्या विणायला आणि टेलिफोन बोर्डावर बसवलं, मग त्यांचा कल कुठेही असो. मी पालकांना आणि उमेदवारांना उलटं विचारते : काम कोणतं करायचंय, त्यातला नेमका कुठला भाग अडतो आणि तो सुटायला काय लागेल? खालची उत्तरंही त्याच वाटेनं दिली आहेत.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. नाशिकला सातपूरच्या आयटीआयमधून फिटर झाला, मार्कही चांगले आहेत. अंबडच्या तीन कंपन्यांनी मुलाखतीतूनच परत पाठवलं. ‘सायरन कसा ऐकणार, मशीनचा आवाज कसा कळणार’ म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यायचं? (एक बहीण, सिडको)

ताई, कारखान्यातल्या ज्या प्रेस शॉपचं (पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या मशीनच्या विभागाचं) दार भावासाठी बंद झालं, तिथे एकदा आत जाऊन बघा. आवाज इतका असतो की ऐकू येणाऱ्या कामगारांनाही कानात प्लग घालावे लागतात. शेजारच्या मशीनवरचा माणूस हातवारे करून बोलतो. न ऐकता काम करण्याची रीत तिथे आधीपासून आहे, फक्त ती तुमच्या भावासाठी आहे असं कुणाच्या मनात येत नाही.

तरीही सायरनची शंका झटकून टाकू नका. जिवाचा प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. सायरनसोबत फिरणारा लाल दिवा लावता येतो. फोर्कलिफ्ट वळते त्या कोपऱ्यावर बहिर्गोल आरसा बसवता येतो. आगीच्या सरावात आणि प्रत्यक्ष प्रसंगीही त्याला हात लावून सोबत बाहेर नेणारा एक जोडीदार प्रत्येक पाळीत ठरवून ठेवता येतो. सकाळच्या मीटिंगमधल्या सूचना सुपरवायझरने फळ्यावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहिल्या, तर त्याचा फायदा सगळ्याच पाळीला होतो. राहिला मशीनच्या आवाजाचा मुद्दा. जुने फिटर बेअरिंगच्या हाउसिंगवर हात ठेवून थरथर आणि उष्णता जोखतात. ते भावाला किती जमतं, हे त्याने करून दाखवू दे.

हे सगळं एका पानावर लिहा आणि अर्जासोबत जोडा. ‘मला संधी द्या’ असं लिहू नका. ‘मला या चार गोष्टी लागतील’ असं लिहा. तोंडी मुलाखतीऐवजी ट्रेड टेस्ट आणि लेखी प्रश्न मागा, जमलं तर सांकेतिक भाषेचा दुभाषा सोबत न्या. आणि एक विनंती मनापासून करते : मुलाखतीत त्याच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका. तुमची माया मला कळते, पण साहेबाची नजर तुमच्याकडे वळली की उमेदवार बाजूला पडतो.

कायद्याचं म्हणाल, तर खासगी कंपनीत दिव्यांगांना आरक्षण नाही, हे आधी स्पष्ट करते. मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदं कोणती आणि निवड कशी होणार, हेही असावं लागतं. ‘तुमचं धोरण बघायला मिळेल का?’ एवढं नम्रपणे लेखी विचारा. पुष्कळ ठिकाणी या एका प्रश्नाने एचआरचा सूर बदलतो.

सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे आणि त्यातला 1 टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. ओझरचा विमान कारखाना आणि नाशिकरोडचे दोन्ही छपाई प्रेस केंद्र सरकारच्या कंपन्यांचे आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पायाला पोलिओ आहे, दाखल्यावर 35 टक्के आलं. आता दाखल्याचा काही उपयोग नाही असं सगळे म्हणतात. खरं का? (निफाड)

अर्धं खरं आहे. आरक्षणासाठी किमान 40 टक्के लागतात, त्यामुळे राखीव जागा मिळणार नाही. पण आरक्षण वेगळं आणि सोय वेगळी. तळमजल्यावर बसण्याची जागा, जास्त उभं राहावं लागणार नाही असं काम, परीक्षा केंद्रात जिना नसलेली खोली हे 40 च्या खालीही मागता येतं. लेखनिकाच्या, म्हणजे परीक्षेत उमेदवारासाठी उत्तरं लिहिणाऱ्या मदतनिसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हेच सांगितलं : लिहिण्यात खरी अडचण असेल तर केवळ 40 टक्के नाहीत म्हणून सोय नाकारता येणार नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, नक्की काढा. आणि टक्केवारी चुकली असं वाटत असेल तर फेरतपासणीसाठी अपील करता येतं.

मी अल्पदृष्टी आहे, बी.कॉम. झाले, बँकेच्या परीक्षा देते. दोनदा प्रिलिम्समध्येच गेले. लेखनिक घेतला तरी वेळ पुरत नाही. क्लासवाले म्हणतात गणित सोडून दे. (नाशिकरोड)

गणित सोडू नका. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, अडचण गणितात कमी आणि लेखनिकासोबतच्या सरावात जास्त आहे. तासाला 20 मिनिटांचा जादा वेळ तुम्हाला मिळतो, पण ओळखीचा कुणीतरी परीक्षेच्या दिवशीच शेजारी येऊन बसला तर तो वेळ ‘काय म्हणालीस?’ मध्येच जातो.

लेखनिक आधी ठरवता येत असेल तर त्याच्यासोबत किमान दहा पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा. दोघांची बोलण्याची भाषा ठरवून घ्या. अपूर्णांक ‘तीन छेद चार’ असाच वाचायचा, कंसाच्या सुरुवातीला ‘कंस’ आणि शेवटी ‘बंद’ म्हणायचं. डेटाच्या तक्त्यात आधी फक्त ओळी-रकान्यांची नावं वाचायची, आकडे तुम्ही मागाल तेवढेच. पर्याय प्रश्नाआधी वाचायचे की नंतर, हेही ठरवा. हे बारीक वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या मुलींचे गुण इथेच वाढलेले मी पाहिले आहेत. लेखनिकाचं शिक्षण किती असावं आणि तो कुणी आणायचा, हे नियम बदलतात. दर वेळी त्या-त्या जाहिरातीतलंच वाचा. सिव्हिल सर्जनचं ‘लिहिण्यात अडचण आहे’ हे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात आधीच काढून ठेवा, केंद्रावर वाद नको.

आणि आजपासून एनव्हीडीए शिका. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अभ्यासाला उपयोगी पडेलच, आणि नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी शाखेत ‘तुम्ही संगणकावर कसं काम करणार?’ असं विचारलं की तिथेच बसून दाखवता येईल.

प्रेस मशीनवर उजव्या हाताची चार बोटं गेली. कंपनी चांगली आहे, उपचार केले. आता म्हणतात राजीनामा दे, थोडे पैसे देऊ. ईएसआय कापलं जातं. काय करू? (सातपूर)

दादा, राजीनाम्यावर सही करू नका. पैसे किती, हा प्रश्न नंतरचा. सही केली की ‘मी स्वतःहून गेलो’ असा कागद तयार होतो, मग पुढचं सगळं बोलणं अवघड होतं.

अपघाताची नोंद ईएसआयकडे (कर्मचारी राज्य विमा) झाली आहे का, ते आधी तपासा. नसेल तर ते आजचं काम. उपचार संपल्यावर वैद्यकीय मंडळ तुमची कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात कायम अपंगत्वाचा लाभ मिळतो, तोही आयुष्यभर. सरकारी आस्थापनेत असता तर सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, त्याला दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यावं लागतं. खासगीत इतकं पक्कं कवच नाही, म्हणून कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाला किंवा युनियनला आताच भेटा.

दरम्यान कंपनीला लेखी द्या की मी कामावर यायला तयार आहे आणि ही कामं करू शकतो : तपासणी, टूल क्रिब (हत्यारं देण्या-घेण्याची खोली), स्टोअरची नोंद, नव्या मुलांना मशीनवरची सुरक्षितता शिकवणं. शेवटचं काम तुमच्याइतकं मनापासून कोण करेल?

मुलगी 19 वर्षांची, बौद्धिक अक्षमता 60 टक्के. विशेष शाळा 18 ला संपली. तेव्हापासून घरात बसून आहे, चिडते. राख्या-मेणबत्त्यांच्या वर्गात घातलं, तिला आवडलं नाही. आमच्या माघारी हिचं कसं व्हायचं? (एक आई, पिंपळगाव बसवंत)

माई, तिला मेणबत्त्या आवडल्या नाहीत, हे ऐकून मला बरं वाटलं. तिला आवडनिवड आहे. काम शोधायची सुरुवात तिथूनच करायची.

तुमच्या गावाभोवती द्राक्षांची पॅकहाउसेस आहेत. तिथलं काम तुकडे करून बघा. प्रतवारी अवघड आहे, त्यात नजर आणि निर्णय लागतो. पण खोकं घडी उघडून उभं करणं, तळाला पॅड टाकणं, पनेटवर (द्राक्षांच्या छोट्या प्लास्टिक डब्यावर) ठरलेल्या जागी स्टिकर लावणं ही कामं एकसारखी पुन्हा पुन्हा करायची असतात. शाळेतल्या बाईंना विचारा, हिला काय सलग जमतं. मग एकच काम निवडा, त्याच्या पायऱ्यांचे फोटो काढा, ते क्रमाने पुठ्ठ्यावर चिकटवा आणि घरी रिकाम्या खोक्यांवर महिनाभर सराव घ्या. कामावर पहिले पंधरा दिवस कुणीतरी सोबत उभं राहायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. सोबतचा माणूस शक्यतो आई नसावी. सुरुवातीला दोन तास पुरे. मजुरी मात्र इतरांच्याच दराने आणि तिच्या नावच्या खात्यात. ‘वेळ जातोय ना तिचा’ म्हणून फुकट काम करून घेणाऱ्याला ठाम नाही म्हणा.

खात्यावरून आठवलं. 18 पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत, जमिनीच्या व्यवहारात तिथेच गाडी अडते. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. पालकत्वाचा अर्ज तिथे करायचा. तुमच्यानंतर जबाबदारी घेईल अशा भावाशी-बहिणीशी आताच मोकळेपणी बोला, मुलगीही समोर असताना. याच न्यासाची ‘निरामय’ ही 1 लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिचीही नोंदणी करून टाका.

पॅकहाउसवाल्यांना डिसेंबरातच भेटून घ्या. जानेवारीत माल सुरू झाला की त्यांना मान वर करायलाही फुरसत नसते.