चार फुटी फिश टँक, बावीस हजारांचे मासे आणि मुदत ठेव

सप्रेम नमस्कार.

आपण पत्रात दिलेला हिशेब थोडक्यात असा. हातात पडणारा पगार 62,000 रुपये, गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च 45,000, एसआयपी 8,000 आणि उरतात ते 9,000. अडीअडचणीसाठी म्हणून असलेली एकमेव मुदत ठेव 1,80,000 रुपयांची. तिच्यातून 58,000 काढून कोथरूडच्या घरी चार फुटी फिश टँक बसवावा का, असे आपण विचारले आहे. दुकानदाराच्या अंदाजपत्रकात टाकी, स्टँड, फिल्टर, दिवा आणि हीटर यांचे 36,000 आहेत, तर माशांचे 22,000. माशांच्या यादीत सहा डिस्कस, चार एंजल, दहा टायगर बार्ब, वीस निऑन टेट्रा, दोन ऑस्कर आणि चार गोल्डफिश आहेत.

छंदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या यादीला आणि ठेव मोडण्याला, आणि या दोन्ही गोष्टी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

आधी यादी पाहू. डिस्कसला 28 ते 30 अंश तापमान लागते, तर गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा मासा असून तो पाणीही फार लवकर घाण करतो. त्यामुळे एकाच पाण्यात या दोघांपैकी एकाचे हाल ठरलेलेच. ऑस्कर आज बोटाएवढा दिसला तरी तो फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो, तेव्हा आपले वीस निऑन म्हणजे त्याचा खाऊच. पूर्ण वाढलेला एंजलही निऑन सोडत नाही. टायगर बार्ब लांब पंखांच्या माशांचे पंख कुरतडतो. माझ्या स्वतःच्या टाकीत एका एंजलचे पंख आठवड्याभरात झालरीसारखे फाटलेले मी पाहिले आहेत, आणि ते बार्ब मीच हौसेने आणले होते. यादीत डिस्कसचेच 12,000 रुपये आहेत आणि या संगतीत ते वर्ष काढतील असे मला वाटत नाही. मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा आणण्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. खिशाला कात्री लागते ती तिथेच.

आपण सहज लिहिलेले एक वाक्य मला फार महत्त्वाचे वाटले : उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो. धरणातून येणारे महापालिकेचे पाणी बहुधा मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असते, टँकरचे पाणी बोअरवेलचे असेल तर जड. डिस्कस आणि निऑन यांना मृदू पाणी मानवते, म्हणजे दर उन्हाळ्यात पाणी बदलताना प्रश्न उभा राहणार. त्याऐवजी चार लहान एंजल, दहा प्लॅटी आणि तळाशी फिरणारे आठ कोरीडोरास ठेवावेत. फार्मवर वाढवलेले हे मासे पाण्यातील थोडाफार फरक सोसतात, 24 ते 26 अंशांत एकत्र राहतात, आणि प्लॅटीची पिल्ले भरमसाट वाढू लागली तर एंजल ती संख्या आटोक्यात ठेवतात. सर्वसाधारण दराने एवढे मासे तीन-साडेतीन हजारांत येतात. टाकीत मात्र काटकसर नको. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टाकीत सुमारे 255 लिटर पाणी मावते, आणि पाणी जितके जास्त तितके ते सावकाश बिघडते.

विजेचा खर्च आपण धरलेलाच नाही. 20 वॅटचा फिल्टर अखंड आणि 30 वॅटचा दिवा रोज आठ तास चालला तर महिन्याला सुमारे 22 युनिट होतात. थंडीत 200 वॅटचा हीटर रोज सरासरी आठ तास चालला तर आणखी 48. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांनंतरचा टप्पा महाग आहे, त्यामुळे आपले बिल आता शंभराच्या आसपास असेल तर ही वाढ चढ्या दराने पडेल. डिस्कस ठेवले असते तर हीटर पावसाळ्यातही चालू ठेवावा लागला असता.

आता ठेवीकडे वळतो. 1,80,000 म्हणजे आपला चार महिन्यांचा खर्च. 58,000 काढल्यास उरतो जेमतेम पावणेतीन महिन्यांचा, शिवाय मुदतीआधी मोडल्याबद्दल बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कमी देतात. दुकानदाराच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांबाबत एवढेच विचारा की रोख दिल्यास किंमत किती कमी होईल. तो फरक म्हणजेच व्याज.

यातले काहीही करण्याची गरज नाही, कारण माशांनाच घाई चालत नाही. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सगळे मासे एकाच दिवशी सोडले तर यादी कितीही चांगली असली तरी ते दगावतात. म्हणून एप्रिल ते जुलै दरमहा उरणारे 9,000 बाजूला ठेवा. चार महिन्यांत नेमके 36,000 जमतात. दरम्यान एक टेस्ट किट आणून मे महिन्यात टँकरचे आणि जुलैत नळाचे पाणी तपासा. दोन्हींत फारच तफावत निघाली तर एंजल वगळा आणि प्लॅटींवरच थांबा. ऑगस्टमध्ये टाकी बसवून फिल्टर चालू करा, जिवाणूंसाठी दर एक-दोन दिवसांनी चिमूटभर खाद्य टाका, आणि गणपतीला कोकणात जाताना फिल्टर बंद करू नका. परत आल्यावर अमोनिया व नायट्राइट शून्य दिसले तर आधी फक्त चार-पाच प्लॅटी आणा, मग दर पंधरवड्याने थोडे थोडे मासे, आणि एंजल सर्वांत शेवटी, ऑक्टोबरच्या पगारातून.