इंदूरच्या कॉलेजात पर्यावरण गट सुरू करतोय, पहिलं काम कोणतं घ्यावं?

कॅन्टीनचा ओला कचरा घ्या. वृक्षारोपण नंतर. रोपं जुलैत लागतात आणि मेमध्ये, म्हणजे पाण्याची खरी गरज असते तेव्हा, सगळे सुट्टीवर गेलेले असतात. फार वाईट वाटतं ती वाळलेली रोपं बघताना.

शहरात ओला-सुका वेगळा करायची सवय आहेच. देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्रकल्प आहे, २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज ५५० टनांची होती. पण आवारातला पाचोळा आणि चहाचा चोथा आवारातच जिरवता येतो. एक भाग ओल्याला दोन-तीन भाग पाचोळा, असे थर द्या, आठवड्याला खालीवर करा. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय, पाचोळा वाढवा. ढीग मधे हाताला चांगला गरम लागला की समजा, जमलं. अडीच-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास असलेलं खत होतं.

पोह्यांच्या उरलेल्या प्लेटा मात्र त्यात नकोत. तेल आणि शेवेने उंदीर येतात.

आणि कॅन्टीनच्या मावशींना पहिल्या बैठकीलाच बोलवा. बादली त्यांच्या हातात असते. गणपतीत जवळच्या महाराष्ट्र मंडळाचं निर्माल्यही मागा, आनंदाने देतात.