न्यायाधीश झाल्यावर समाजासाठी काही करता येतं का?

तुम्ही सोलापुरात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात. न्यायाधीश व्हायचं मनात आहे, पण 'एकदा त्या खुर्चीत बसलं की माणूस लोकांपासून तुटतो' असं घरचे म्हणतात, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. मी वकील नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात तीसेक वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी बेंच क्लार्क म्हणून, न्यायाधीशांच्या अगदी पुढ्यात बसून. तिथून जे दिसलं ते सांगतो.

घरच्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. स्वतःच्या जिल्ह्यात सहसा नेमणूक मिळत नाही आणि तीनेक वर्षांत बदली येतेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली न्यायाधीशांच्या आचरणाची मूल्यं ठराव करून स्वीकारली. कुठल्या क्लबची किंवा संस्थेची निवडणूक लढवू नये, वकिलांशी जवळीक टाळावी, अलिप्त राहावं, असं त्यात आहे. तो ठराव वरच्या न्यायालयांसाठी असला तरी तालुक्याच्या न्यायाधीशालाही त्याच शिस्तीत वागावं लागतं. त्यामुळे मंडळाचं अध्यक्षपद, वर्गणी गोळा करणं, सत्काराच्या शाली हे सगळं विसरा.

उरलेल्या निम्म्यासाठी एका साहेबांबद्दल सांगतो. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. लातूरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. काही वर्षं तालुक्याच्या गावी वकिली केली, मग एमपीएससीची पूर्व, मुख्य आणि मुलाखत पार करून कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी झाले. सोलापुरात ते दोनदा आले. पहिल्यांदा न्यायदंडाधिकारी म्हणून, तेव्हा मी त्यांच्या कोर्टात होतो.

त्या वेळी शहराच्या पूर्वभागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतल्या, एका बाईंची फौजदारी प्रक्रिया संहितेच्या तेव्हाच्या कलम १२५ खालची पोटगीची केस बोर्डावर, म्हणजे रोजच्या प्रकरणांच्या यादीत, होती. बाई विड्या वळायच्या. मजुरी हजार विड्यांमागे, आणि वळलेल्या विड्या रोज ठरलेल्या वेळेत कारखान्यात नेऊन द्यायच्या. नवरा तारखेला यायचा नाही, यांचा मात्र अख्खा दिवस कोर्टाच्या व्हरांड्यात जायचा. एकदा पुकारा झाल्यावर त्या रडत तेलुगूत बोलू लागल्या. साहेबांना एक अक्षर कळेना. आमच्यातला एक पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातला, कर्मचारी पुढे झाला आणि त्याने मराठीत सांगितलं, 'साहेब, त्या म्हणताहेत, तारखेच्या दिवशी मुलं उपाशी राहतात.'

साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, 'पोटगीची प्रकरणं बोर्डावर सगळ्यात वर घ्या. अकराला पुकारा झालाच पाहिजे.' वकिलांची थोडी कुरकुर झाली. पण त्या बाया साडेअकरा-बारापर्यंत मोकळ्या होऊन घरी जायच्या, म्हणजे त्या दिवसाची निम्मी मजुरी तरी वाचायची. नवऱ्यांवर वॉरंट निघायला लागली, तशा तारखाही कमी झाल्या. हे कुठल्या वर्तमानपत्रात आलं नाही. माझ्या लेखी मात्र एवढी मोठी समाजसेवा मी सोलापुरात फार थोड्या लोकांना करताना पाहिली.

दुसऱ्यांदा ते आले ते वरिष्ठ स्तर न्यायाधीश होऊन, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, सचिव म्हणून. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या पदात आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याने लोकांमध्ये जाणं हे न्यायाधीशाचं कामच करून ठेवलंय. जिल्हा न्यायाधीश प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि रोजचा कारभार सचिव पाहतात. साहेब सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत शिबिर घ्यायचे तेव्हा एक गोष्ट तीन-तीनदा सांगायचे : बाईला सरकारी खर्चाने वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, मुलं, दिव्यांग, कोठडीतले, औद्योगिक कामगार यांनाही ती नाही. बाकीच्यांना आपल्याकडे वर्षाला ३ लाखांपर्यंतची मर्यादा आहे. रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, या धास्तीने गप्प बसलेल्या कितीतरी बायांना मी त्या शिबिरांत पहिल्यांदा प्रश्न विचारताना पाहिलं.

लोकअदालतीत, म्हणजे तडजोडीने प्रकरणं मिटवतात तिथे, ते फार सावध असायचे. तिथला निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच. कोर्ट फी परत मिळते, पण त्यावर अपील नाही. निकाली प्रकरणांचा आकडा वाढवायच्या घाईत गरीब पक्षकार मान डोलावतो आणि घरी गेल्यावर रडतो, हे मी इतरत्र पाहिलंय, आणि आजही त्याचा राग येतो. साहेब सही करण्याआधी बाईला नातेवाइकांपासून बाजूला घ्यायचे, पॅनेलवरच्या वकीलबाईंना शेजारी बसवायचे आणि विचारायचे, 'ताई, नंतर बदलता येणार नाही. मनापासून कबूल आहे का?' काही जणी 'नाही' म्हणायच्या. ते प्रकरण मग शांतपणे परत बोर्डावर जायचं.

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या यात्रेत त्यांना व्यासपीठावरचं आमंत्रण यायचं. अक्षता सोहळ्याला ते गर्दीत मागे उभे राहायचे आणि अक्षता टाकून पायी घरी जायचे. लोकांपासून तुटणं म्हणतात ते इतकंच, आणि त्याचं त्यांना कधी दुःख वाटलेलं मला दिसलं नाही.

आता तुमच्यासाठी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. पुष्कळ मुलं त्यावर नाराज आहेत. मला ती अट हवीशी वाटते, कारण व्हरांड्यात उभं राहिल्याशिवाय तारखेची किंमत कळत नाही. पण तोवर थांबायची गरज नाही. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तिथे विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. जाऊन अर्ज द्या. आणि तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर अर्जात ते आवर्जून लिहा.