'सोबत भेटली' की 'सोबत मिळाली'?

प्रश्न असा आलाय की खान्देशातली माणसं 'गाडीत चांगली सोबत भेटली' म्हणतात ते चूक ना, 'मिळाली' पाहिजे ना. पुस्तकी मराठीत मिळाली, मान्य. पण आमच्या जळगाव-धुळ्याकडे तिकीट भेटतं, नोकरी भेटते, खिडकीची सीटपण भेटते, विदर्भातही तेच, मग एवढ्या लोकांना चूक कसं म्हणायचं? आणि सोबतीला तर मला 'भेटली'च जास्त शोभतं.

आई एकदा एकटीच जळगावहून चेन्नईला निघाली, भाचीचं बाळंतपण होतं, आख्खा दिवस आणि वर रात्र गाडीत. अकोल्याच्या आसपास फोन केला तर म्हणे काळजी नको करू, चांगली सोबत भेटलीय. आम्ही निवांत, असेल कोणी बाई. दुसऱ्या दिवशी फोटो आला तर ही भली मोठी मिशी, तमिळ ट्रक मेकॅनिक! त्याला मराठी नाही, हिला तमिळ नाही, हिंदी दोघांची यथातथाच. आईनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी नि ठेचा पुढे केला तर त्याच्या डोळ्यांतून धारा, तरी गड्यानं अजून अर्धी मागून घेतली आणि आपला दहीभात हिच्या डब्याच्या झाकणात काढून दिला. खालचा बर्थ दिला, बल्लारशाला उतरून चहा आणला. अजून पोंगलला त्याचा फोन येतो, आई सरळ अहिराणीत विचारते, 'जेवना का रे भाऊ?', तो म्हणतो 'हां अम्मा'.

आता गंमत बघा, 'सोबती भेटला' म्हटली असती तर आम्हाला फोनवरच कळलं असतं. 'सोबत' स्त्रीलिंगी, त्यामुळे मिशीवाला असो की नऊवारीतली म्हातारी, भेटते ती 'सोबत'च.

शब्द मूळचा अरबी, फारसीतून आला, 'साहेब' पण त्याच धातूचा. हिंदी-उर्दूत तो 'सोहबत', तिकडे सोहबतीनं पोरं बिघडतात, आपल्याकडे ते खातं 'संगत'कडे. वाईट संगत लागते म्हणजे जडते, आणि रात्री मळ्यात जायला सोबत लागते म्हणजे हवी असते, क्रियापद एकच पण अर्थ बघा कुठल्या कुठे.

मला खटकतं ते वेगळंच, 'त्याच्यासोबत बोललो', 'तिच्यासोबत लग्न केलं'. अरे त्याच्याशी बोला ना, तिच्याशी करा ना लग्न, 'शी' काय महाग झालाय का?