दुसऱ्या शनिवारसाठी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझ्या विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम यंदा पहिल्यांदाच मैदानात उतरतेय आणि तिच्या व्हिडिओच्या कामावर तुझी निवड झाली, हे वाचून फार आनंद झाला. पहिल्या हंगामात काय सांभाळायचं, असं विचारलंस. आमच्या सॅन अँटोनियोत यूटीएसएची, म्हणजे टेक्सास विद्यापीठाच्या इथल्या शाखेची, टीम शून्यातून उभी राहिली, तिचं उदाहरण देते.

मार्च २००९मध्ये त्यांनी लॅरी कोकर यांना प्रशिक्षक नेमलं. २००१ साली मायामी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलेला माणूस, पण इथे आले तेव्हा हाताशी एक खेळाडूही नव्हता. २०१०च्या हंगामात मुलांनी नुसता सराव केला, सामना एकही नाही. माझ्या मते त्यांचा खरा पहिला हंगाम तोच. टाळी वाजवायला कुणी नसताना रोज उठून मैदानावर जायचं, हे अठरा वर्षांच्या पोरांना सोपं नसतं.

मग ३ सप्टेंबर २०११. अलामोडोम स्टेडियममध्ये ५६,७४३ प्रेक्षक, नॉर्थईस्टर्न स्टेट विद्यापीठावर ३१-३ असा विजय. अख्ख्या गावाला उधाण आलं. आणि पुढच्याच शनिवारी, त्याच मैदानावर, ॲबिलीनच्या मॅकमरी या छोट्या विद्यापीठाने त्यांना २४-२१ असं हरवलं. मॅकमरी तेव्हा कॉलेजच्या खेळांतल्या डिव्हिजन ३ या खालच्या गटात होतं, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा देत नाहीत. हंगाम संपला तेव्हा चार विजय, सहा पराभव. पुढच्या वर्षी मात्र आठ विजय आणि चारच पराभव.

म्हणून पहिल्या सामन्याचा गुलाल त्याच रात्री धुऊन टाक. तुमच्या टीमचं आधीचं चित्रीकरण नाही, त्यामुळे पहिला प्रतिस्पर्धी अंदाजाने खेळेल. दुसऱ्याकडे मात्र तुमचा एक अख्खा सामना असेल, आणि तो प्रत्येक चाल पुन्हा पुन्हा बघून येईल. तुमच्या प्रशिक्षकांनी तो सामना त्याच्याइतकाच बारकाईने बघायला हवा. ते तुझ्या कामावर अवलंबून आहे. बाजूच्या आणि गोलामागच्या, दोन्ही कॅमेऱ्यांत प्रत्येक चाल सुरुवातीपासून दिसली पाहिजे. बॉलच्या मागे कॅमेरा पळवू नकोस, बाविसाच्या बावीस खेळाडू चौकटीत ठेव.

नव्या टीममध्ये पहिल्या वर्षाची मुलं जास्त असतात. समोर बावीस-तेवीस वर्षांचे कसलेले गडी आले की शेवटच्या क्वार्टरमध्ये आपली पोरं दमतात, टॅकल सुटतात, म्हणजे समोरच्याला पकडून पाडणं जमत नाही. ते सगळं तुझ्या कॅमेऱ्यात येईल. प्रशिक्षकांना ते जसंच्या तसं दे, काही गाळू नकोस. पण कुणाच्या फजितीची क्लिप तुझ्या फोनवरून बाहेर जाता कामा नये, अगदी जिवलग मैत्रिणीकडेही. त्या मुलाची आई दूर कुठेतरी ती बघेल, एवढं ध्यानात ठेव.

आणखी एक. यूटीएसएच्या विद्यार्थ्यांनी २००७ साली स्वतःची क्रीडा फी वाढवून घ्यायला मतदान केलं. त्यांतले कित्येकजण पहिल्या सामन्याआधीच पदवी घेऊन बाहेर पडले असतील. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. तुझं चित्रीकरण नीट नावं-तारखा घालून जपलंस, तर तुझ्यानंतर येणाऱ्यांच्या ते कामी येईल.

शेवटचं, आणि यात मी काही ऐकून घेणार नाही. सराव उंचावरून टिपायला तुला लिफ्टवर, म्हणजे यंत्राने वर उचलल्या जाणाऱ्या मचाणावर, चढवतील. ऑक्टोबर २०१०मध्ये नोत्र दाम विद्यापीठात सोसाट्याच्या वाऱ्यात अशीच लिफ्ट कोसळली आणि वर चित्रीकरण करणारा विद्यार्थी गेला. तुझ्याच वयाचा होता. तेव्हा लिफ्ट किती वाऱ्यापर्यंत चालवतात, हे पहिल्याच दिवशी विचार आणि लिहून घे. वारा वाढला किंवा वीज चमकली की कुणाच्या परवानगीची वाट न बघता खाली उतर. कुणी रागावलं तर रागावू दे. त्या दिवशीचा सराव टिपला नाही म्हणून काही बिघडत नाही. कुणी जबरदस्ती केली तर आधी मला फोन कर, रात्र असो वा पहाट.

तुझी,
मावशी