कुत्र्याच्या तीन महिन्यांच्या पिल्लाचे केस झडतायत, सारखं खाजवतंय. काय करावं?

आधी नीट बघा, केस कुठले गेलेत. कानाच्या कडा, कोपरं आणि रात्रंदिवस खाज, असं असेल तर बहुधा खरूज. ती माणसालाही लागते, घरात कुणाच्या हातावर-पोटावर पुरळ उठलंय का बघा. डोळ्यांभोवती, तोंडाजवळ टक्कल पण खाज फारशी नाही, तर डेमोडेक्स नावाचे, डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असू शकतात. ते आईकडूनच येतात, माणसाला लागत नाहीत. गोल चट्टे म्हणजे गजकर्णाची शंका, मुलांना जरा लांब ठेवा. शेपटीच्या बुडाशी काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. लालसर डाग पसरला की पिसवा नक्की.

पण अंदाजावर औषध नको. पशुवैद्य त्वचा किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, सोपी तपासणी आहे. औषधाचा डोस वजन आणि वयावर ठरतो, म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याची गोळी देऊ नका.

आणि कळकळीची विनंती: गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल अजिबात लावू नका! पिल्लू अंग चाटतं, विष पोटात जातं. पशुवैद्याकडे जाईपर्यंत पिल्लाचं अंथरूण गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा.